खोळीखालचा पाऊस

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहिणं हे माझं काम नव्हे आणि मला ते जमेल असा माझा दावाही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. आई अंगठा लावते. बाबा सही करतात, पण सही करताना जीभ दातांत धरतात. मी विज्ञानाच्या वर्गात बसतो. तिथं लिहायचं ते उत्तर असतं आणि ते बरोबर असतं किंवा चूक असतं. वार्षिक अंकासाठी ‘आठवणीतला एक ऋतू’ असा विषय निघाला, तेव्हा मराठीच्या मॅडमनी मला बोलावून म्हटलं, “तू हरसूलकडचा ना? तुमच्याकडचा पाऊस लिही. छान होईल.” मी हो म्हणालो. मोठ्या माणसाला नाही म्हणायची मला सवय नाही. मग वसतिगृहावर येऊन वही उघडली आणि लक्षात आलं, मला जो पाऊस लिहायचाय तो छान नाही.

आमच्याकडे भाद्रपद सरत येतो तेव्हा भाताची लोंबी पोटरीतून बाहेर पडते. उतारावर सोनकी पिवळी झालेली असते, तेरडा बांधाबांधावर उभा असतो, आणि पाऊस जातो जातो म्हणत पुन्हा दोन-तीन दिवस मुक्कामाला येतो. दाणा तेव्हा दुधात असतो. नखानं दाबला तर पांढरा थेंब येतो. तो थेंब रानडुकरांना लांबून कळतो. त्या वीस-पंचवीस दिवसांत रोज रात्री कोणीतरी शेतावर झोपावं लागतं. डबा वाजवायचा, बॅटरी फिरवायची, शेकोटीत ओलं लाकूड सारून धूर करायचा, मधूनमधून हाकारा घालायचा. याला आम्ही राखण म्हणतो. शहरातल्या मुलांना मी एकदा हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “म्हणजे कॅम्पिंगच की.” मी हसलो. वरवर पाहिलं तर तसंच आहे.

नाशकात या दिवसांत सर आली की वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे उचलायला पळापळ होते. मीही पळतो. पण दोरीवरचा शर्ट ओढताना मला वाटून जातं की आता पोटरी भरली असेल, आता वरच्या खाचराला कोणीतरी झोपायला गेलं असेल. दोन वर्षं असं होतंय.

या वर्षी त्याला एक निमित्त झालं. माझ्या वर्गातला निनाद पावसाळाभर डोंगर फिरतो. त्याला माझ्या खाटेखालची पिशवी दिसली आणि पिशवीतून बाहेर आलेलं हिरवं कापड दिसलं. “अरे, हा तर आर्मीचा केप आहे. याचा शेल्टर होतो. व्हिडिओत पाहिलंय मी,” असं म्हणत त्यानं ते ओढून काढलं. शनिवारी ते पाच जण त्र्यंबकच्या पलीकडे एका टेकडीवर रात्र काढायला निघाले होते. त्यांच्याकडे चेन लावायचे रंगीत तंबू होते. मला त्यांनी केपसकट ओढून नेलं. मी दोन झाडांमध्ये दोरी बांधून कापड टाकलं, कडा खुंट्यांना ताणल्या. सगळ्यांनी फोटो काढले. जेवणं झाली, पाऊस सुरू झाला, जो तो आपापल्या तंबूत गेला. मग निनादनं हाक मारली. मी ऐकली. त्यानं परत मारली. मी तरी गप्प. तिसऱ्या हाकेला मी “ओ” म्हणालो.

“बहिरा आहेस का? काडेपेटी मागतोय केव्हाचा.”

“ऐकलं होतं.”

“मग बोलत का नाहीस?”

दुसऱ्या तंबूतून कोणीतरी म्हणालं, “साहेब लाइनवर आहेत, कृपया प्रतीक्षा करा.” सगळे हसले, मीही हसलो. पण नंतर झोप आली नाही. अंगावर तेच कापड, त्यावर तोच पाऊस.

हे कापड मी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा घेतलं. देवळाली कॅम्पात लष्कराचा जुना माल विकणारं एक दुकान आहे. बूट, पट्टे, पाण्याच्या बाटल्या, घोंगड्या यांचा ढीग. त्या ढिगात हे होतं. शेवाळी रंग, रबराचा वास, मध्ये डोकं घालायला टोपीचं भोक, कडेला पितळी छिद्रं आणि एका बाजूनं प्रेसच्या बटणांची रांग. दुकानदार म्हणाला, “घातलं तर रेनकोट, अंथरलं तर बिछाना, टांगलं तर तंबू. असली दोन घे. बटणाला बटण लाव, दोन जवान आरामात झोपतील.”

मी म्हणालो, “मी एकटाच आहे.”

“मग अर्धा तंबू ने,” तो म्हणाला.

अर्धा तंबू घेऊन मी सुट्टीला घरी गेलो. बाबा त्या वर्षी अंबडला एका कारखान्यात कंत्राटावर लागले होते, त्यामुळे राखण माझ्याकडे आली होती. आमची खाचरं ओहळाच्या अलीकडे, आणि पलीकडे बरोबर समोर मामाची. हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. मला नांगर धरायला, खेकडा पकडायला आणि पोहायला त्यानंच शिकवलं. बाबा कामाला बाहेर, म्हणून लहानपणापासून मी अर्धा त्याच्याच मागं वाढलो. राखणीला दोघंही आपापल्या काठावर असायचो. मध्ये ओहळ. ओहळात बायका धुणं धुतात तो मोठा दगड. दगड दिसतोय तोवर उतरायला हरकत नाही, एवढं आमच्याकडे पोरासोरांना माहीत असतं.

पहिल्या संध्याकाळी मामा ओहळ ओलांडून माझा तंबू बघायला आला. त्याच्या डोक्यावर इरलं होतं. बांबूच्या पट्ट्यांची जाळी आणि आत पळसाची पानं भरलेली. त्याचं इरलं तो स्वतः विणायचा.

“ही कोणाची खोळ म्हणायची, भाच्या?”

खोळ म्हणजे पोतं किंवा प्लॅस्टिक दुमडून डोक्यावरून घेतात ती. मी जरा रागानंच म्हणालो, “खोळ नाय, मामा. मिलिटरीचा तंबू हाय.”

“मिलिटरी हिच्यात झोपती? मग सीमेवर जागं कोण राहतं?”

त्यानं खाली वाकून आत हात घातला, कापडाच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि ओलं बोट मला दाखवलं. “बाहेरून पाऊस, आतून घाम. तू वाळायचा कधी?” मग बोटानं वरून टिचक्या मारल्या. टप टप असा मोठा आवाज आला. “आणि हिच्यात तुला ऐकू काय येणार? राखणीला डोळं लागत नाय. कान लागतो.”

मी म्हणालो, “तुझ्या इरल्याखाली तरी काय ऐकू येतं?”

“सगळं येतं. पानावर पडलं की पाणी गप होतं. ये, बघ.” त्यानं इरलं माझ्या डोक्यावर ठेवलं. भुरभुर चालू होती. खरंच आवाज येत नव्हता, फक्त पानांचा वास येत होता. मी ते काढून परत दिलं. मला कबूल करायचं नव्हतं. तो हसला आणि जाताना नेहमीचं सांगून गेला, “तीन हाका ध्यानात हायेत ना? का कॉलेजात गेल्यावर विसरलास?”

हे सांगायला हवं. आमच्याकडे रात्री शेतावर कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. मी सहा-सात वर्षांचा असताना मामानंच मला शेकोटीपाशी हे शिकवलं होतं. “माणूस असंल तर तिसरी मारतो. बाकीचं जे काय असतंय ना, त्याला तीनपर्यंत मोजता येत नाय.” त्या वयात मला ते इतकं पटलं होतं की शाळेत आकडे शिकताना तीन आला की सुरक्षित वाटायचं. पण तिसऱ्या हाकेचा नियमही तितकाच पक्का. तिसरी आली की उठायचं. अंधार असो, पाऊस असो, भांडण असो. तिसऱ्या हाकेला जो जात नाही त्याच्याकडे पुढं कोणी जात नाही.

त्या संध्याकाळी मी कॉलेजचा होतो. मी म्हणालो, “मामा, ते सगळं खोटं असतं. आम्हाला कॉलेजात हजेरीला एकच हाक मारतात.”

“दिवसा ठीक हाय,” मामा म्हणाला आणि ओहळात उतरला.

पहिले चार-पाच दिवस मी त्या कापडाखाली फार सुखात होतो, हेही खरं लिहायला हवं. खाली पेंढा, त्यावर पोतं, वर ताणलेलं शेवाळी छत. बॅटरी लावली की आतलं सगळं हिरवं दिसायचं, माझे हातही. बाहेर पाऊस कोसळतोय आणि मी कोरडा आहे, हे मला त्याआधी कधी इतकं कळलं नव्हतं. शेतावर आम्ही ओलेच असतो. ओलं असण्याला आमच्याकडे वेगळा शब्दही लागत नाही. पण मी आता कोरडा राहणारा माणूस झालो होतो. मामा पलीकडून हाकारा घालायचा, मी इकडून डबा वाजवायचो. मध्येच तो ओरडायचा, “ए मिलिटरीऽऽ, डुकरं आली का शरण?” त्या असल्या ओरडण्याला उत्तर द्यायला तीनपर्यंत थांबावं लागत नव्हतं. नावानं मारली तर ती हाक, बाकी सगळी गंमत.

मग ती रात्र. अंधारून आल्यापासून पावसानं उसंत दिली नव्हती. शेकोटी विझली. कापडावर पाऊस असा वाजत होता की पत्र्यावर कोणी खडी ओततंय. मी गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो, जागा होतो. आणि मामाची हाक आली. माझं घरचं नाव, लांबवलेलं. ते नाव मी इथं लिहीत नाही.

मी उठून बसलो. बॅटरीवर हात ठेवला. एक, असं मनात म्हणालो.

परत तेच नाव आलं. या वेळी आवाज जरा खालून आल्यासारखा वाटला, बांधाच्या पायथ्याकडून. दोन.

मी थांबलो.

विज्ञान शिकणारा मुलगा तिथं बसून तिसरीची वाट बघत होता. पहिल्या संध्याकाळी जे खोटं म्हणालो होतो तेच अंधारात मला पुरलं. तिसरी आली नाही. मग मी स्वतःला सांगायला लागलो की ती माणसाची हाक नव्हतीच. नंतर असंही वाटलं की तिसरी आली असेल, पण या रबरी कापडावरच्या पावसात बुडाली असेल. तसं असेल तर करायचं एवढंच होतं की कापडाची कड चार बोटं वर उचलायची आणि डोकं बाहेर काढायचं. मी ते केलं नाही. भीती होती, पण खरं सांगायचं तर आत ऊब होती. डोकं बाहेर काढलं असतं तर ओला झालो असतो. आणि ऐकू आलं असतं.

त्या टेकडीवर निनादला काडेपेटी देऊन आल्यावर मी हे करून बघितलं. कड उचलली, डोकं बाहेर काढलं. दोन वर्षांनी. पाऊस थेट कानात शिरला, पण त्याच्या मागं सगळं ऐकू येत होतं. बेडूक, खालच्या वाडीतलं कुत्रं, निनादचं घोरणंसुद्धा.

राखणीच्या त्या रात्रीनंतर सकाळी पाऊस थांबला होता. पलीकडे मामाच्या खोपीतून धूर निघाला नव्हता. मी ओहळाकडे पळालो. पाणी गढूळ होतं, पण धुण्याचा दगड दिसत होता. मी उतरलो. वर चढताना काठावरच्या करवंदीच्या जाळीत माझ्या छातीएवढ्या उंचीवर गवत-काटक्या अडकलेल्या दिसल्या, पण त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. मामा बांधाखाली पडला होता. डुकरांमागं धावताना बांधाची ओली कड ढासळली आणि वरचा धोंडा त्याच्या पायावर आला. तो त्यानं कसा बाजूला केला कोण जाणे. इरलं थोडं लांब उलटं पडलं होतं, त्यात पाणी साठलं होतं. मामाचे ओठ काळे पडले होते. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, “आलास.”

एवढंच. त्यात राग होता की सुटका, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तो एक शब्द मी कितीतरी वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघितलाय.

घोंगडीची झोळी करून चौघांनी त्याला रस्त्यापर्यंत आणला. तिथून जीपनं नाशिक. डॉक्टरांनी पाय वाचवला. पण बाहेर व्हरांड्यात आईला म्हणाले, “रात्रीच आणलं असतं तर पाय सरळ राहिला असता.” त्यांनी ते सहज सांगितलं, डॉक्टर सांगतात तसं. आई आत आली आणि मामाच्या खाटेपाशी उभी राहून तिनं मला विचारलं, “तुला हाक नाय आली रं?”

मी म्हणालो, “एवढ्या पावसात काय ऐकू येणार, आई.”

मामा जागा होता. त्यानं वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं.

मला जे कळत नाही ते हेच आहे. तो गप्प बसला तो त्याला खरं वाटलं म्हणून, की खोटं कळलं म्हणून? मी त्या रात्री झोपलो होतो, किंवा खोळीत मला ऐकू आलं नाही, असं तो समजत असेल तर मी दर वेळी त्याच्यासमोर बसून तेच खोटं पुन्हा बोलतोय. आणि त्याला माहीत असेल की मी जागा होतो, मोजत होतो, तर त्याच्यासमोर बसायचं कसं? यावर उपाय सोपा होता. मी बसलोच नाही. दोन वर्षं राखणीच्या दिवसांत मी घरी गेलो नाही. प्रॅक्टिकल आहे, परीक्षा आहे, असं काहीतरी सांगत राहिलो. उन्हाळ्यात गेलो तेव्हा मामा ओट्यावर बसून इरली विणत होता. द्राक्षबागांच्या कामाला जाणं त्याचं सुटलं होतं, डाव्या पायानं तो जमीन शोधत चालतो. मला बघून म्हणाला, “काय मिलिटरी, किती पास झालास?” मी उभ्या उभ्या उत्तर दिलं आणि आईनं बोलावलंय म्हणून निघालो. आईनं बोलावलं नव्हतं. ओहळापाशी आलो तेव्हा तो कोरडा होता आणि धुण्याचा दगड पुरता उघडा पडला होता.

त्या कापडाचं काय करायचं तेही मला सुचत नाही. टाकवत नाही. निनाद विकत मागतो. “तुला काय उपयोग?” म्हणतो. मागच्या महिन्यात देवळालीला गेलो होतो तेव्हा त्याच दुकानात तसलंच दुसरं दिसलं. मी ते हातात घेतलं, त्याची बटणं दाबून बघितली. मग परत ढिगावर ठेवलं.

मॅडम, इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. लेखाला शेवट लागतो हे मला माहीत आहे, पण माझ्याजवळ नव्हता. वही मिटून ठेवली होती. परवा संध्याकाळी आईचा फोन आला. तिकडेही पाऊस होता, आवाज तुटत होता. तिनं नेहमीचं विचारलं. जेवलास का, पाणी येतं का. मग म्हणाली, “तुझा मामा औंदा राखणीला बसलाय. ऐकत नाय कोणाचं. काठी घेऊन जातो.”

मी फोन घेऊन गच्चीच्या दारात आलो.

“काल भाकर घेऊन गेले व्हते मी. म्हणलं, पोरगं राखणीला घरी यायचं बंद झालंय, त्याला झालंय तरी काय. तर हसला. म्हणाला, तो ऐकत होता, मला ठाव हाय. तुझ्यासाठी एक निरोप दिलाय. मला काय त्यातलं कळलं नाय, तूच बघ.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, त्याला सांग, मी दोनच मारल्या. पाय अडकला तवा तोंडातून दोन गेल्या. मग खाली ओहळ वाजला, तवा तिसरी गिळली. म्हणाला, तिसरी मारली असती तर पोरगं पाण्यात उतरलं असतं.”